परगावचा प्रेक्षक : खानदेशातील कुस्त्यांची दंगल व तिची भाषा

१. विषयाचे स्वरूप

बोलीची पाहणी करणारा विद्यार्थी खेड्यात गेला म्हणजे बहुधा चार ठिकाणी बसतो : चावडी, देऊळ, आठवड्याचा बाजार आणि एखाद्या घराची ओसरी. पाचवे एक ठिकाण त्याच्या नजरेतून सुटते. जत्रेच्या किंवा उरसाच्या दिवशी गावाबाहेर, नदीकाठच्या मोकळ्या जागेत किंवा पीक निघालेल्या शेतात भरणारे कुस्त्यांचे रिंगण, हे ते ठिकाण होय. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांतील अशा रिंगणाचा, आणि विशेषतः तेथे परगावाहून जाणाऱ्या प्रेक्षकाचा, विचार करावयाचा आहे. त्याला तेथे काय ऐकू येते, त्याच्याकडून गावकऱ्यांची अपेक्षा कोणती असते आणि ती अपेक्षा भाषेत कशी उमटते, एवढाच आपला प्रश्न आहे.

या प्रश्नाला परदेशात एक सादृश्य सापडते. इंग्लंडमध्ये फुटबॉलची साखळी स्पर्धा १८८८ मध्ये सुरू झाली. आज तेथील वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ संघ खेळतात. त्यांच्याखाली लहान गावांचे शेकडो संघ आहेत व त्यांचा निर्देश 'साखळीबाहेरचे' अशा अर्थाच्या शब्दाने करण्याची रूढी आहे. अशा संघाचे मैदान लहान, प्रेक्षक थोडे आणि खेळाडू हाकेच्या अंतरावर असतो. आपल्या गावच्या संघाबरोबर दुसऱ्या गावी जाणारा पाठीराखा तेथे गर्दीत हरवत नाही. तो कोणत्या गावाहून आला हे पाहताक्षणीच सर्वांना कळते. मोठ्या मैदानावरील प्रेक्षक ही संख्या असते, तर लहान मैदानावरील प्रेक्षक ही व्यक्ती असते.

महाराष्ट्रात फुटबॉलपुरते पाहावयाचे तर हे दृश्य कोल्हापुरात दिसते. राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे संघ झुंजतात आणि त्यांचे पाठीराखे पेठेच्या अभिमानाने तेथे जमतात. परंतु भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावयाचे ते त्या संघांच्या नावांकडे : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. 'तालीम' हा मूळचा अरबी शब्द, अर्थ 'शिक्षण'. मराठीत त्याचा अर्थ संकोच पावून 'कुस्तीचे शिक्षण', मग 'ते देण्याची जागा', पुढे 'त्या जागेभोवतीची वस्ती व तिची संघटना' आणि अखेर 'त्या वस्तीचा फुटबॉल संघ' असा तो सरकत गेला. फुटबॉल परदेशातून आला; परंतु त्याला उभे राहावयास जी सामाजिक जागा मिळाली ती कुस्तीने आधीच तयार करून ठेवलेली होती, याची ही शाब्दिक साक्ष आहे. म्हणून इंग्लंडातील लहान गावाच्या मैदानाला आपल्याकडील जोड शोधावयाची तर ती फुटबॉलपेक्षा कुस्तीतच शोधणे सयुक्तिक ठरते. खानदेशापुरते तर हे विशेषच खरे आहे.

२. रिंगणाची नावे

कुस्त्यांच्या एकाच प्रकारच्या मेळाव्याला महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी नावे आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे त्याला बहुधा 'मैदान' किंवा 'फड' म्हणतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व नाशिक या भागांत 'हगामा' हा शब्द ऐकू येतो. खानदेशात व विदर्भात मात्र 'दंगल' हा शब्द रूढ आहे. अर्थात् या सीमा काटेकोर नाहीत, आणि भित्तिपत्रकांच्या छपाईमुळे व ध्वनिक्षेपकावरील निवेदकांच्या फिरतीमुळे हे शब्द एकमेकांच्या प्रदेशात शिरत आहेत. तथापि नकाशावर रेषा काढून पाहाव्यात इतका हा भेद अद्यापि स्पष्ट आहे.

'हगामा' हा फार्सी 'हंगामा' या शब्दाचा अनुनासिक गळालेला अवतार होय. 'हंगाम' हा आपला नित्याचा शब्द त्याच कुळातला आहे. सुगी आटोपल्यानंतर जत्रांचा काळ येतो व तेव्हाच हे मेळावे भरतात, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या दोन शब्दांचे सान्निध्य अधिकच मनोरंजक वाटते. 'दंगल' या शब्दाची गंमत वेगळी आहे. प्रमाण मराठीत, विशेषतः वृत्तपत्रांच्या मराठीत, 'दंगल' म्हणजे दंगा, जाळपोळ. खानदेशात मात्र 'गावात दंगल आहे' हे वाक्य आनंदाचेही असू शकते. दोन्ही अर्थ तेथे सुखाने नांदतात, आणि घोटाळा टाळण्यासाठी जाहिरातीत 'कुस्त्यांची दंगल' असा पूर्ण प्रयोग केलेला आढळतो. पुण्याहून नव्यानेच आलेल्या एका सहकाऱ्यांनी जळगावच्या बसस्थानकाबाहेरचे असे पत्रक अर्धेच वाचून चिंतेने चौकशी केल्याचे मला स्मरते.

'आखाडा' हा शब्द मात्र सर्वत्र आहे आणि तो देशी परंपरेतून आलेला आहे. संस्कृत 'अक्षवाट', प्राकृत 'अक्खाड' आणि मराठी 'आखाडा' अशी त्याची परंपरा सांगतात. त्याच्याभोवती 'कुस्ती', 'पहिलवान', 'उस्ताद' हे फार्सी शब्द आणि 'मल्ल' हा संस्कृत शब्द एकत्र नांदतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. म्हणजे खेळ जुना, जागा जुनी आणि शब्दसंग्रह थरांवर थर चढून झालेला, अशी ही स्थिती आहे.

३. दंगलीची रीत

जळगावहून एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याकडे जाणारा रस्ता धरावा, पारोळ्यास एस.टी.तून उतरावे आणि काळीपिवळी मोटार मिळाल्यास तिने, न मिळाल्यास पायी, बोरी नदीच्या काठच्या एखाद्या गावी जावे. अशा एका गावी मी काही वर्षांपूर्वी फाल्गुनात गेलो होतो. पुढील वर्णन मुख्यतः त्या दिवसाचे आहे; परंतु त्याची रीत बहुतेक ठिकाणी हीच असते.

दंगलीला तिकीट नसते. खर्च लोकवर्गणीतून होतो व हिशेब यात्रा समितीकडे असतो. जमीन नांगरून, खडे वेचून व पाणी शिंपडून माती मऊ केलेली असते. भोवती दोर बांधलेला असतो. प्रेक्षक त्या दोराला टेकूनच बसतात. एका बाजूच्या मांडवात पंच, प्रतिष्ठित पाहुणे आणि ध्वनिक्षेपकावरचा निवेदक असतो. दुपारी ऊन कलू लागले की ढोलाच्या ठेक्यावर आखाड्याचे पूजन होऊन नारळ फुटतो. पहिल्या कुस्त्या लहान मुलांच्या. पूर्वी त्या रेवड्यांवर लावीत, म्हणून त्यांना 'रेवडीच्या कुस्त्या' असे नाव पडले. आता रेवडीच्या जागी दहा-वीस रुपयांची नोट असते, पण नाव तेच राहिले आहे. तेथून इनाम चढत जाते व दिवस मावळण्याच्या सुमारास शेवटची, मानाची कुस्ती लागते.

काही मोठ्या कुस्त्या आधी ठरलेल्या असतात. पुष्कळशा मात्र जागच्या जागी जुळवितात. यास 'जोड लावणे' असे म्हणतात. मल्ल आखाड्यात येतो, माती कपाळाला लावतो, शड्डू ठोकतो आणि रिंगणाला फेरी घालतो. त्याच्या वजनाचा व उंचीचा दुसरा कोणी उठला की पंच दोघांना शेजारी उभे करून नजरेने तोलतात आणि हातात हात देतात. येथे वजनाचा काटा नसतो. पंचांची व प्रेक्षकांची नजर हाच काटा. जोड विषम वाटली तर प्रेक्षकांतून ओरड होते आणि पंचांना ती ऐकावी लागते. कुस्ती जिंकलेला मल्ल पुन्हा फेरी घालतो, तेव्हा प्रेक्षक त्याच्या हातावर खुशीने पैसे ठेवतात आणि निवेदक देणाऱ्याचे नाव गावासह पुकारतो. मी पन्नास रुपये दिले तेव्हा 'जळगावचे सर यांच्याकडून' असा पुकारा झाला. माझे नाव कोणी विचारले नव्हते. गाव मात्र मी खाली बसण्यापूर्वीच विचारून घेतले होते.

४. 'कोनता गावना?'

या शेवटच्या गोष्टीला भाषेच्या दृष्टीने महत्त्व आहे. परक्या माणसाला रिंगणाच्या कडेला पहिला प्रश्न येतो तो 'कोनता गावना?' हा. चाळीसगाव, अमळनेर, पारोळा व धुळे या टापूत प्रचलित असलेल्या अहिराणीत षष्ठीचा प्रत्यय 'ना-नी-नं' असा आहे. प्रमाण मराठीच्या 'चा-ची-चे'पेक्षा तो गुजरातीच्या 'नो-नी-नुं'शी जवळचा दिसतो. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीत १९०७ साली खानदेशीचा समावेश भिल्ली भाषांच्या खंडात झाला, आणि तेव्हापासून अहिराणीचे मराठीशी नाते किती व गुजरातीशी किती हा वाद चालू आहे. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. भुसावळ-यावल-रावेरकडच्या लेवा बोलीत हा प्रश्न निराळ्या रूपात येतो. पण येतो तो हाच.

दंगलीच्या पुकाऱ्यात मल्लाची ओळख तीन अंगांनी दिली जाते : नाव, गाव आणि उस्ताद किंवा तालीम. यांपैकी नाव विसरले तरी चालते. गाव विसरून चालत नाही. मल्लाबरोबर येणारे लोकही त्याच षष्ठीने बांधलेले असतात. ते केवळ खेळाचे रसिक नसतात, तर 'त्या गावचे' असतात. टेंपोत दाटीवाटीने उभे राहून वीस-पंचवीस कोस येणारा हा जथा यजमान गावाचा पाहुणा असतो, आणि त्याच वेळी प्रतिपक्षही असतो. त्याला टोपी-रुमाल व नारळ मिळतो, रात्री शेवभाजी-भाकरीचे जेवण मिळते. पण दोराच्या कोणत्या बाजूला तो बसतो यावर साऱ्यांचे लक्ष असते.

भाषेची आणखी एक विभागणी येथे पाहावयास मिळते. निवेदकाची भाषा प्रमाण मराठी असते, किंबहुना ती थोडी अलंकारिकच असते. नियम, इनाम आणि पाहुण्यांचे सत्कार हे सर्व तीत होते. डावांची नावे (ढाक, एकेरी पट, घिस्सा, कलाजंग, मोळी, बगलडूब) सर्व महाराष्ट्रात जवळजवळ सारखी आहेत. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशासारख्या ग्रंथांमुळे कुस्तीविद्येची माहिती छापील रूपातही सुरक्षित आहे. परंतु वाद उत्पन्न झाला की ध्वनिक्षेपक खाली ठेवला जातो आणि सारे अहिराणीत सुरू होते. सत्काराची भाषा एक आणि न्यायाची भाषा दुसरी, असे म्हणावयास हरकत नाही.

५. चीत आणि साक्षी

मातीवरील 'निकाली' कुस्तीत गुण नसतात. एकाची पाठ मातीला लागली, दोन्ही खांदे टेकले, की निकाल झाला. हिंदीत 'चित' म्हणजे उताणा व 'पट' म्हणजे पालथा. मराठीने या दोहोंचा जोडशब्द घेऊन 'चितपट'चा अर्थ केवळ उताणा पाडण्यापुरता ठेवला आहे. 'अस्मान दाखविणे' व 'पाठीला माती लागणे' हे वाक्प्रचार या एकाच घटनेची दोन टोके सांगतात : हरलेल्याला वर काय दिसले आणि खाली काय लागले. या परिभाषेतील निर्णायक घटना डोळ्यांनी पाहण्याची आहे. ती कागदावर मांडता येत नाही, तिची बेरीज करता येत नाही. ती क्षणात घडते आणि ज्यांनी पाहिली त्यांच्यापुरतीच असते. 'साक्षी' या शब्दातही मुळात 'डोळ्यांसह असलेला' असाच भाव आहे. ('आखाड्या'तील 'अक्ष' निराळा, या दोहोंची गल्लत करू नये.)

आता त्या दिवशी काय घडले ते सांगतो. शेवटून दुसरी कुस्ती यजमान गावचा मल्ल आणि अमळनेरकडील एका गावचा मल्ल यांच्यात होती. पाहुण्या मल्लाने दोराजवळ, मी बसलो होतो त्या कोपऱ्यात, प्रतिपक्षाला उलटविले. पाहुण्या गावच्या जथ्याने एकच आरोळी ठोकली. पंचांचे म्हणणे पडले की एक खांदा वर होता. दोन्ही पंच यजमान गावचे होते. जथ्यातील माणसे दोरापर्यंत आली, आणि दोर न ओलांडता तेथेच थांबली. ध्वनिक्षेपक खाली ठेवला गेला. तेवढ्यात वडीलधारे पंच माझ्याकडे वळले. त्या कोपऱ्यात दोहोंपैकी कोणत्याच गावचा नसलेला मी एकटाच होतो. ते म्हणाले, "सर, तुम्ही तठेच बठेल व्हतात. तुम्ही देखं ना?"

मी पाहिले नव्हते. शेजारच्या म्हाताऱ्याने 'बगलडूब' या शब्दातील 'ड' कसा उच्चारला ते मी त्या क्षणी वहीत टिपून घेत होतो. मी तसे सांगितले. पंच काही बोलले नाहीत. कुस्ती मधोमध आणून उभ्याने पुन्हा लावली. पाहुणा मल्ल दमलेला होता. दहा-बारा मिनिटांनी कुस्ती बरोबरीत सोडविली व इनाम दोघांत वाटले. भांडण झाले नाही. निघताना त्या मल्लाचे उस्ताद माझ्याजवळ आले, वहीकडे पाहिले आणि रागाचा लवलेशही न दाखविता म्हणाले, "पाव्हना देखाले येस, लिखाले नही."

हे वाक्य मी नंतर वहीत उतरविले, कारण त्यात अहिराणीची दोन लक्षणे स्वच्छ दिसतात : प्रमाण मराठीच्या 'पाहायला' या रूपाशी समांतर असणारे 'देखाले', आणि वर्तमानकाळाचे 'येस'. परंतु व्याकरणापलीकडे त्यात एक सिद्धान्त आहे, आणि तो माझ्या चुकीमुळेच मला कळला. लहान मैदानावर परगावचा प्रेक्षक हा करमणुकीसाठी आलेला माणूस नसतो. तो न्यायाच्या यंत्रणेचा भाग असतो. पंच गावचे, माती गावची, इनाम गावचे. अशा ठिकाणी परक्या मल्लाला न्याय मिळावयाचा तर पाहणारे परके डोळे तेथे हवेत. त्याच्या गावचा जथा टेंपोने येतो तो याचसाठी. आतून ठरवून केलेल्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' म्हणतात. ती लपविणे अवघड जाते तेही याच डोळ्यांमुळे. दोन्ही गावांचा विश्वास असलेला तिऱ्हाईत तर फारच मोलाचा. आणि त्या दिवशी तो तिऱ्हाईत वहीत डोके घालून बसला होता.

६. बदलती स्थिती

खानदेशाचा संघटित कुस्तीशी संबंध जुना आहे. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, ती धुळ्यास झाली व भगवान मोरे विजयी झाले. १९६६ मध्ये ती जळगावास होऊन दीनानाथ सिंह यांनी किताब मिळविला. १९७७ मध्ये ती चाळीसगावास भरली. तेथे अंतिम लढतीचा निकाल लागला नाही आणि त्या वर्षाच्या मानकऱ्याची जागा यादीत रिकामी राहिली. पुढे चाळीसगाव तालुक्यातीलच सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ अशी सलग तीन वर्षे हा किताब जिंकला.

१९७७ ची ती रिकामी जागा मला अर्थपूर्ण वाटते. जेथे गुणांचा हिशेब असतो तेथे कोणी ना कोणी विजयी ठरविता येतो. तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत गुण मोजावयाचे आणि दहा गुणांचा फरक पडताच लढत थांबवावयाची, अशी आजच्या गादीवरील मुक्त शैलीची रीत आहे. निकाली कुस्तीची जुनी वृत्ती मात्र 'निर्णय दिसला नाही' हे कबूल करावयास तयार असते. या दोहोंत श्रेष्ठ कोणती हे ठरविणे भाषाभ्यासकाचे काम नव्हे. गादीमुळे खानदेशातील मुलांना, आणि आता मुलींनाही, राज्याबाहेरच्या स्पर्धांचे दार उघडले. २०२३ मध्ये सांगलीस महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. होतकरू मल्ल कोल्हापूर-पुण्याच्या तालमींत जातात, हेही स्वाभाविकच आहे.

परंतु निर्णय कागदावर गेला की साक्षीची गरज उरत नाही, आणि गरज उरली नाही की तिच्याभोवतीची भाषा विरळ होते. डावांची नावे टिकतील, कारण ती ग्रंथांत आहेत व निवेदकांच्या तोंडी आहेत. 'अस्मान दाखविणे' टिकेल, कारण ते राजकारणाने उचलले आहे. जे जाईल ते ध्वनिक्षेपक खाली ठेवल्यानंतरचे : वाद कसा मांडावयाचा, पाहुण्याला दुखविल्याशिवाय नकार कसा द्यावयाचा, 'मी पाहिले' हे किती तऱ्हांनी म्हणावयाचे. हे कोणत्याही कोशात नाही.

७. उपसंहार

विभागातील विद्यार्थ्यांनी कार्तिकापासून आखाजीपर्यंतच्या जत्रांच्या दिवसांत या रिंगणांकडे जावे, अशी सूचना करून हा लेख संपवितो. दुपारी लवकर पोहोचावे, म्हणजे रेवडीच्या कुस्त्या सापडतात. लहान मुलांना ओरडून शिकविणाऱ्यांची भाषा सर्वांत मोकळी असते. 'कोनता गावना?' या प्रश्नाला विद्यापीठाचे नाव सांगू नये. गावाचे नाव सांगावे. कोणाच्या बाजूला बसावयाचे ते आधी विचारून घ्यावे. ध्वनिमुद्रण करावयाचे तर यात्रा समितीची संमती घ्यावी आणि वादाच्या प्रसंगी यंत्र बंद ठेवावे. तेवढी भाषा स्मरणातून नंतर लिहावी, थोडी कमी भरली तरी चालेल.

आणि कुस्ती दोराजवळ आली की लेखणी खाली ठेवावी. कोणीतरी वळून विचारण्याचा संभव असतो.